यमक कुणाच्या बापाचं?

‘ह्यांना यमक जमत नाही’ असं ऐकलं, म्हणून रातपाळी करून अंजूरला आल्यावर मी चोखोबांचे अभंग बोटांवर मोजले. मोठ्या अभंगात चार चरण. सहा, सहा, सहा, चार अक्षरं, यमक दुसऱ्या-तिसऱ्याला. छोट्यात आठ-आठची जोडी, यमक दोन्हीला. ओवीत पहिले तीन चरण जुळतात, चौथा आखूड, मोकळा. माझी आजी जात्यावर तेच गायची, अक्षरओळख नसताना.

चौदाव्या शतकात चोखोबा-सोयराबाईंना हे माप ठाऊक होतं. पंढरीचं देऊळ मात्र आपल्याला १९४७ साली उघडलं. तेव्हा १९७२ च्या ‘गोलपिठा’त ढसाळांनी मुक्तछंद धरला तो यमक येत नव्हतं म्हणून, असं कुणी म्हटलं तर हा सहाशे वर्षांचा हिशेब पुढं टाका. आधी मोजा, मग खुशाल मोडा.