सांगलीचे दोन खेळाडू

खेळाडू जन्मावा लागतो की घडवावा लागतो, हा वाद आपल्याकडे जुना आहे आणि तो मिटावा अशी कुणाची इच्छाही दिसत नाही. मला स्वतःला त्याहून पुष्कळ साधा प्रश्न पडतो. तो जन्मो किंवा घडो, मधल्या दहा वर्षांत त्याच्या बॅटीचे, प्रवासाचे आणि दुधाचे पैसे कोण देतो? गवयाची हकिगत सांगताना आपण त्याच्या आश्रयदात्याचे नाव आदराने घेतो. अमुक बुवा तमुक दरबारी होते, हे सांगितल्यावाचून त्यांचे चरित्र पुरे होत नाही. खेळाडूच्या बाबतीत मात्र आपण धावा मोजतो आणि पुढे जातो. म्हणून या लेखात मी धावा थोड्या आणि आश्रय अधिक मोजणार आहे. त्यासाठी मला सांगलीबाहेरची उदाहरणे शोधण्याचे कारण नाही. एक विजय हजारे आणि दुसरी स्मृती मानधना, एवढी दोन नावे मला पुरतात.

विजय हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीत झाला. वडील शिक्षक, घरात आठ भावंडे. अशा घरात क्रिकेटला किती पैसे उरणार, याचा हिशेब वाचकांनी मनाशी करावा. हजाऱ्यांच्या अंगी गुण होता यात शंका नाही, पण त्या गुणाला अन्न लागते, आणि ते त्या काळी एकाच ठिकाणी मिळे. ते ठिकाण म्हणजे दरबार. देवासच्या महाराजांनी त्यांना जवळ केले. पुढे बडोदे त्यांचे घर झाले. ऑस्ट्रेलियाचे विख्यात फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले, तेही संस्थानी आश्रयामुळेच. सांगलीच्या शिक्षकाच्या मुलाला ग्रिमेट एरवी कोठून भेटणार?

त्या आश्रयाचे फळ सर्वांना ठाऊक आहे. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडच्या कसोटीत हजाऱ्यांनी दोन्ही डावांत शतके काढली, ११६ आणि १४५. त्याच दौऱ्यात त्यांनी ब्रॅडमनचा त्रिफळाही उडवला, एकदा सोडून दोनदा. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार हजारेच होते. तीस कसोटी सामने, २१९२ धावा, सात शतके. पण या यशाची एक किंमत होती, तिच्याकडे आम्हा सांगलीकरांचे सहसा लक्ष जात नाही. मोठे होण्यासाठी त्यांना सांगली सोडावी लागली. गावाने जन्म दिला आणि परमुलखाने पोसले. त्यांचे निधनही १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यासच झाले.

संस्थाने गेली, तेव्हा हा आश्रयही गेला. त्याची जागा रेल्वेने, बँकांनी आणि मोठमोठ्या कंपन्यांनी घेतली. खेळाडूला कारकुनी द्यावी, सकाळी सही करून त्याने मैदान गाठावे, अशी ती रीत. महाविद्यालयीन तरुणांना आंतरविद्यापीठीय रोहिंटन बारिया करंडकाची वाट होती. मुंबई विद्यापीठाकडून खेळलेले सुनील गावसकर १९७१ साली वेस्ट इंडीजला गेले आणि पहिल्याच मालिकेत ७७४ धावा घेऊन परतले. ही सारी व्यवस्था मात्र मुलग्यांची होती. मुलीच्या खेळाला दरबार कधी नव्हताच, आणि दरबार गेल्यावर जे आले त्याचाही वाटा तिच्याकडे फार उशिरा आला.

महिलांचे क्रिकेट आपल्या पायावर उभे राहिले ते १९७३ साली. त्या वर्षी भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली आणि पहिली आंतरराज्य स्पर्धा आपल्या पुण्यातच भरली. संघ किती? मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीन. तीन वर्षांनी, १९७६ मध्ये, वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी मालिका झाली आणि शांता रंगास्वामीच्या संघाने पाटण्याला पहिला विजय मिळवला. मुंबईची डायना एडलजी त्याच मालिकेपासून डावखुरी फिरकी टाकू लागली आणि वीस कसोटींत तिने ६३ बळी घेतले. या मुलींनी आरक्षणावाचून आगगाडीचा प्रवास केला, वसतिगृहांच्या फरशीवर अंथरुणे टाकली, बॅटी एकमेकींत वाटून घेतल्या. २००५ साली भारतीय संघ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला, त्या स्पर्धेत खेळाडूला सामन्यामागे हजार रुपये मिळाले, असे कर्णधार मिताली राजने पुढे सांगितले आहे. आठ सामन्यांचे आठ हजार! याहून अधिक भाष्य करण्याची गरज मला वाटत नाही.

त्या सुमारास माधवनगरात एक नऊ वर्षांची मुलगी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघात निवडली गेली होती. माधवनगर म्हणजे सांगलीला लागून असलेली पेठ. वखारी, गिरणीची आठवण, आणि मिरज-पुणे लोहमार्गावरचे एक लहानसे स्थानक. स्मृती मानधनाचा जन्म १८ जुलै १९९६ रोजी मुंबईस झाला, पण ती दोन वर्षांची असताना कुटुंब येथे आले. वडील आणि भाऊ दोघेही सांगली जिल्ह्याकडून खेळलेले. भावाचे पाहून ही खेळू लागली. जेवते, लिहिते उजव्या हाताने, बॅट मात्र डावखुऱ्यासारखी धरते, कारण वडिलांना डावखुरी फलंदाजी प्रिय!

आता आश्रयाचा जमाखर्च पाहा. वडील रसायनांच्या व्यापारातले. व्यापार सांभाळून मुलीच्या सरावाचे आणि सामन्यांचे वेळापत्रक त्यांनीच आखले. आईने आहार आणि कपडेलत्ते पाहिले. भावाने चेंडू टाकले. अनंत तांबवेकर यांच्यासारखे प्रशिक्षक लाभले. सराव सिमेंटच्या खेळपट्टीवर. तेथे चेंडू मातीपेक्षा जलद आणि उंच येतो, विचाराला अवधी देत नाही. अशा ठिकाणी वाढलेल्या फलंदाजाची नजर लवकर तयार होते. पण सामना मातीवर असला की तिला नव्याने शिकवावे लागते. हजाऱ्यांसाठी जे काम देवास आणि बडोदे या दोन संस्थानांनी केले, ते येथे एका मध्यमवर्गीय घराने केले. महाराज, दिवाण, खजिनदार आणि मुदपाकखाना, सगळे एका छपराखाली. मला या गोष्टीचे नवल धावांहून अधिक वाटते.

अकराव्या वर्षी ती एकोणीस वर्षांखालच्या संघात गेली. ५ एप्रिल २०१३ रोजी, सोळाव्या वर्षी, ती भारताकडून पहिला सामना खेळली. कोठे? बडोद्यास. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बडोद्याच्याच अलेंबिक मैदानावर गुजरातविरुद्ध तिने १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा काढल्या. एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय स्त्री. हाती बॅट होती ती भावाने राहुल द्रविडकडून बहिणीसाठी मिळवलेली. हजाऱ्यांना बडोद्याला राहावे लागले. ही मुलगी बडोद्याला गेली, खेळली आणि माधवनगरला घरी परतली. दोन्ही जन्मांमधल्या एक्याऐंशी वर्षांत काय बदलले, याचे उत्तर या एका वाक्यात आहे असे मी समजतो.

महाविद्यालयाचे काय, असे कोणी विचारील. अमेरिकेत बेसबॉल नावाचा त्यांचा राष्ट्रीय खेळ आहे. त्यातला चेंडूफेक्या बहुधा विद्यापीठाच्या मैदानातून वर येतो. पॉल स्कीन्स हा तरुण जून २०२३ मध्ये लुइझियाना राज्य विद्यापीठाकडून राष्ट्रीय विजेतेपद मिळवतो, जुलैत व्यावसायिक संघांच्या निवडीत पहिला उचलला जातो, ९२ लाख डॉलरांचा करार करतो आणि मे २०२४ मध्ये सर्वोच्च लीगमध्ये चेंडू टाकू लागतो. तेथे विद्यापीठ हीच शिडी. आपल्याकडे शिडी वेगळी आणि पदवी वेगळी. २०१४ साली बारावीची परीक्षा आणि बांगलादेशातील विश्वस्पर्धा एकाच वेळी आल्या. स्मृतीने स्पर्धा घेतली. पुढे तिने वाणिज्य शाखा धरली ती सांगलीच्या चिंतामणराव महाविद्यालयात. संस्थान विलीन झाले, अधिपतीचे नाव विद्येच्या दारावर राहिले. पण त्या दारातून खेळाडूला थेट भारतीय संघात नेणारा रस्ता आपल्या देशात कोणत्याच महाविद्यालयाने मुलींसाठी बांधलेला नव्हता, हेही खरेच.

रस्ता बांधला जात होता तो दुसरीकडे, आणि तोही तिच्या पावलांबरोबर. २००६ मध्ये महिलांचे क्रिकेट नियामक मंडळाच्या छत्राखाली आले. २०१५ मध्ये वार्षिक करार सुरू झाले. २०१६ मध्ये स्मृती आणि हरमनप्रीत कौर यांना ऑस्ट्रेलियाच्या व्यावसायिक लीगने बोलावले, भारतीय स्त्रियांत या दोघीच पहिल्या. तेथेच जानेवारी २०१७ मध्ये तिचा गुडघा दुखावला. पाच महिन्यांनी ती विश्वचषकाला उभी राहिली आणि पहिल्या दोन सामन्यांत ९० आणि नाबाद १०६ अशा धावा केल्या. लॉर्ड्सवरचा अंतिम सामना भारताने नऊ धावांनी गमावला, पण त्या दिवसापासून लोकांनी मुलींचा खेळ पाहण्यास आरंभ केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सामन्याचे मानधन स्त्री-पुरुषांना समान झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगचा लिलाव झाला, त्यात पहिले नाव स्मृतीचे, बोली तीन कोटी चाळीस लाखांची, संघ बंगळुरूचा. पुढच्याच वर्षी तिच्या नेतृत्वाखाली त्या संघाने विजेतेपद घेतले.

आठ हजारांपासून तीन कोटी चाळीस लाखांपर्यंत अठरा वर्षे लागली. एवढ्या थोड्या काळात एखाद्या व्यवसायाचा असा कायापालट मला तरी दुसरा ठाऊक नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक घेतला. स्मृतीच्या त्या स्पर्धेत ४३४ धावा झाल्या. सांगलीत आनंद झाला हे सांगावयास नको.

पण आनंद ओसरल्यावर जमाखर्चाची वही पुन्हा उघडावी लागते. लिलावातले कोटी रुपये शिखरावर वाटले जातात, आणि खेळाडू मरतो किंवा जगतो तो पायथ्याशी. नवव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंतची ती सात वर्षे आजही कोण पोसतो? उत्तर अजून तेच आहे: घर. ज्या घरात बापाला सकाळची दोन तास सवड आहे, भावाला आवड आहे आणि आईचा विरोध नाही, तेथली मुलगी पुढे जाईल. जतच्या किंवा आटपाडीच्या दुष्काळी शिवारात अशीच नजर घेऊन जन्मलेली मुलगी असेल, तर तिच्या घराला हा दरबार चालवणे परवडावे कसे? दरबारी आश्रयात एक अन्याय होता: महाराजांची नजर पडेल तोच तरे. घरच्या आश्रयातही तोच अन्याय आहे, फक्त महाराजांच्या जागी नशीब बसले आहे.

म्हणून माधवनगरचा अभिमान बाळगताना मला तो अर्धाच वाटतो. एका घराने जे करून दाखवले ते तालुक्याच्या ठिकाणी एक मैदान, एक सिमेंटची खेळपट्टी, एक पगारी प्रशिक्षक आणि प्रवासाचे भाडे एवढ्यात बरेचसे करता येईल. हजाऱ्यांना गाव सोडावे लागले आणि स्मृतीला सोडावे लागले नाही, ही मोठीच प्रगती झाली. तिसरा खेळाडू अशा घरातून यावा, की जेथे बॅट कशाशी खातात हे कुणाला ठाऊक नाही. तो आला, तर त्याचे श्रेय प्रथमच सांगलीला घेता येईल.