शाळेची वाट किती कोसांची?



खटकचिंचोळी म्हटलं की बाहेरच्या माणसाला आधी एवढं सांगावं लागतं, की कलबुर्गी जिल्ह्यातली तालुक्याची चिंचोळी ती वेगळी. आपली ही बीदर जिल्ह्यातली, भालकी तालुक्यातली, होबळीची चिंचोळी. होबळी म्हणजे महाराष्ट्रातल्या पाव्हण्यांना कळावं म्हणून सांगतो, तिकडचं महसुली मंडळ. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि आजोबांच्या पेटीतल्या कागदांवर उर्दू, असा आपला मुलूख.

आज लिहायला बसलो ते शाळेच्या वाटेवर. कमी पटाच्या शाळा मोठ्या शाळेत मिळवायच्या आणि लेकरांना गाडीनं न्यायचं, ही चर्चा आता सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे. मागे आमच्याकडच्या एका वाडीवरच्या बैठकीत हाच विषय निघाला. सगळे विचारत होते, "गाडी फुकट आहे ना?" मागं बसलेली एक म्हातारी तेवढी म्हणाली, "फुकट ऱ्हाऊ द्या, सांच्याला आणून कुठं सोडणार ते सांगा." लोक हसले. मला हसू आलं नाही, कारण आमच्या घरात या प्रश्नावर एका मुलीची शाळा संपलेली आहे.

माझी थोरली आक्का सातवीपर्यंत शिकली. गणितात माझ्यापेक्षा हुशार. पुढची शाळा कोसाच्या वर लांब, मधे ओढा, आणि पावसाळ्यात काळ्या रानातला चिखल असा की चप्पल हातात घेऊन चालावं. आज्जी म्हणाली, "पोरीला एवढ्या लांब कशाला धाडूलालाव?" वडील काही बोलले नाहीत. दोन वर्षांनी मी मात्र त्याच वाटेनं, त्याच ओढ्यातून हायस्कूलला गेलो. फी आड आली नव्हती, पुस्तकंही मिळाली असती. आड आलं ते अंतर. मुलगा आणि मुलगी यांना ते अंतर सारखं नव्हतं.

हे आपल्याच घरचं आहे असं बरीच वर्षं वाटायचं. वाचत गेलो तसं कळलं, की हा हिशेब शंभर वर्षांहून जुना आहे.

१९११ च्या मार्चमध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची करण्याची मुभा स्थानिक संस्थांना द्यावी, एवढीच मागणी. आधी मुलगे, मुलींना ते नंतर लागू करता येईल. त्यात एक सूट होती: घरापासून एक मैलाच्या आत शाळा नसेल तर मुलाला न पाठवणं हा गुन्हा नाही. म्हणजे सहा वर्षांच्या पोरानं किती चालावं, याचा विचार तेव्हाही झाला होता. हे विधेयक मतं मागवण्यासाठी देशभर फिरवलं गेलं. प्रांतांची सरकारं, संस्था, जाणती मंडळी, सगळ्यांनी मतं दिली. १९ मार्च १९१२ ला ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. विचारलं पुष्कळांना, पण ज्याचं पोर चालणार होतं त्या शेतकऱ्यापर्यंत तो कागद कशाला जातोय!

आपला मुलूख तर तेव्हा निजामाच्या राज्यात. वरच्या वर्गांचं माध्यम उर्दू. आणि लोकांनी एकत्र बसून शाळेबद्दल बोलायचं म्हटलं तर गश्ती निशाण ५३ आडवी. जाहीर सभेला आधी परवानगी लागायची. अशा काळात लोकांनी अंतरावर आपल्या परीनं उपाय काढला. मूल रोज शाळेत नेता येत नाही ना, मग शाळेपाशीच त्याला ठेवा. भालकीच्या हिरेमठाचे डॉ. चन्नबसव पट्टद्देवरू यांनी कमलनगर, भालकी भागात शाळा काढल्या आणि गरिबांच्या मुलांच्या राहण्याजेवणाची सोय लावली. बाहेर उर्दूची पाटी आणि आत कन्नडचे धडे, ही त्यांची गोष्ट आपल्याकडे कन्नड आणि मराठी दोन्ही घरांत सांगतात. तिकडे हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा निवासी होती. तिथं स्वामी रामानंद तीर्थांनी शिकवलं. मठाचं जेवण आणि शाळेचं वसतिगृह हीच त्या काळची मोफत सोय. पण तिचा लाभ झाला तो मुलग्यांनाच. मुलीला परगावी ठेवायला कोण तयार होतं?

मोटार आली ती १९३२ मध्ये. निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते खात्यानं २७ बस आणि १६६ नोकरांवर सुरुवात केली. पुढं ती खेड्यांकडे सरकत गेली, पण गाडीचं वेळापत्रक कचेरी, बाजार आणि रेल्वे बघून ठरायचं. शाळेची घंटा त्यात कुठं बसायची नाही.

मग १ नोव्हेंबर १९५६. बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसुरात. सीमाप्रश्नावर आपण इथं खूप लिहिलंय, आज त्यात शिरत नाही. फक्त वाटेपुरतं बोलतो. कालपर्यंत एका जिल्ह्यातली असलेली उदगीरची शाळा आता दुसऱ्या राज्यात गेली. गाड्या वाटल्या गेल्या, आणि पुढं सवलती आल्या त्याही आपापल्या राज्याच्या हद्दीपुरत्या. मराठीतून पुढं शिकायचं तर कितीतरी मुलांना ती हद्द ओलांडूनच जावं लागलं.

त्याच १९५६ मध्ये सातव्या घटनादुरुस्तीनं ३५०-अ हे कलम आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळेल अशी सोय राज्यांनी करावी, असं ते सांगतं. त्याआधी १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेनं आकडा ठरवला होता: वर्गात १० किंवा शाळेत ४० मुलं त्या भाषेची असली की त्या भाषेचा शिक्षक द्यायचा.

हे दहा आणि चाळीस नीट लक्षात ठेवा. वाडीवरची दोन पोरं लांब पडतं म्हणून यायची थांबली की बाराचे दहा होतात, अजून एक थांबला की नऊ. नऊ झाले की शिक्षकाची मागणी लटकी पडते. शिक्षक नाही म्हणून उरलेले जातात, मग शाळा दुसरीत मिळवली जाते आणि वाट आणखी लांबते. अंतरानं पट तुटतो आणि पटानं अंतर वाढतं. आपल्याकडच्या मराठी शाळा कमी का झाल्या, याची अनेक कारणं आपण सांगतो: इंग्रजीची ओढ, नोकरीसाठी कन्नड, शहराकडे गेलेली कुटुंबं. ती सगळी खरी आहेत. पण हे पायाखालचं कारण आपण मोजतच नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शेजारच्या शाळेची व्याख्या आणली. कर्नाटकाच्या नियमांत पहिली ते पाचवीला १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीला ३ किलोमीटर. तीन किलोमीटर म्हणजे आपला जुना कोसच की! एवढ्या अंतरात शाळा नसेल तर सरकारनं वाहनाची किंवा राहण्याची सोय करावी, हेही कायद्याच्या नियमांत आलं. मोठी गोष्ट आहे. पण मोजपट्टी लावताना शाळा कुठल्या भाषेची हे कोण बघतं? त्याच कायद्याच्या २९ व्या कलमात शक्य तितकं मातृभाषेतून शिकवा असं लिहिलंय. दारासमोर कन्नड शाळा असेल तर कागदावर अंतर शून्य. मराठी शाळा सहा किलोमीटरवर असेल तर ते सहा किलोमीटर आईबापांच्या हौसेचे धरले जातात. कन्नड शाळेशी आमचं काही वाकडं नाही. माझी नातवंडं कन्नडात माझ्यापेक्षा बरी बोलतात. प्रश्न मोजणीचा आहे.

सरकारांनी काही केलंच नाही असंही नाही. २००६-०७ मध्ये कर्नाटकानं आठवीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली, पुढं मुलांनाही दिल्या. कोरोनाच्या काळात ही योजना थांबली. बिहारनंही २००६ मध्येच नववीच्या मुलींना सायकली दिल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अभ्यासकांनी मोजून पाहिलं, तर माध्यमिक शाळेतल्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं होतं आणि मुलगा-मुलगी यांच्यातली तफावत ४० टक्क्यांनी घटली होती. जास्त फरक पडला तो शाळा लांब असलेल्या गावांत. ते वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. एक सायकल हवी होती फक्त.

महाराष्ट्रात अहिल्यादेवी होळकरांच्या नावानं मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे, आणि मानव विकासच्या निळ्या गाड्या शाळेच्या वेळेप्रमाणे धावतात. आपल्याकडे ११ जून २०२३ पासून शक्ती योजना आली. राज्याच्या साध्या बसमध्ये बायका-मुलींना तिकीट शून्याचं. भालकीच्या कॉलेजला जाणाऱ्या मुलींच्या घरचे किती पैसे वाचले, हे त्यांच्या आयांना विचारा. पण शून्याचं तिकीट असलं म्हणून ज्या वाडीला गाडीच जात नाही तिथं ती यायला लागत नाही. आणि शाळा साडेचारला सुटून गाडी सहाला असेल, तर मधला दीड तास मुलगी फाट्यावर कुणाच्या भरवशावर उभी राहणार? म्हातारीचा प्रश्न तोच होता.

आता शाळा मिळवण्याचं. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रात समूह शाळांचं पत्र निघालं. वीसपेक्षा कमी पट असलेल्या १४,७८३ शाळा, त्यात १,८५,४६७ मुलं. पानशेत आणि तोरणमाळचे दाखले देऊन अधिकाऱ्यांकडून प्रस्ताव मागवले होते. गाडीची सोय करू असंही म्हटलं होतं. प्रस्ताव मागवले ते अधिकाऱ्यांकडून. पालकांचा आवाज आला तो नंतर, विरोधाच्या रूपानं.

तिकडं इंग्लंडमध्ये पाहा. १९४४ च्या कायद्यापासून हिशेब ठरलेला: आठ वर्षांखालच्या मुलाला दोन मैल, त्यावरच्याला तीन मैल; त्यापलीकडे जवळची योग्य शाळा असेल तर नेण्या-आणण्याची सोय स्थानिक प्रशासनाची. या सोयीच्या धोरणात बदल करायचा असेल तर लोकांची मतं मागवावीत, त्यासाठी किमान २८ कामाचे दिवस द्यावेत आणि तेही शाळा चालू असताना, सुट्टीत नव्हे, असं तिथल्या सरकारी मार्गदर्शनात आहे. शक्यतो बदल टप्प्यानं करावा, म्हणजे ज्या मुलानं एका सोयीच्या भरवशावर शाळा धरली त्याची ती मधेच तुटू नये. तिथंही कपातीवरून भांडणं होतात, पालक चिडतात. पण निदान भांडायला तारीख असते.

आपल्याकडे भांडायची जागा नाही असं नाही. शाळेची समिती आहे, कर्नाटकात तिला एसडीएमसी म्हणतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे अशा समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका. ग्रामसभा आहे. पण आपण जातो कधी? सही घ्यायला शिपाई घरी आला की सही करतो. मीही केल्यात.

म्हणून जी घरं अजून गावाला धरून आहेत, त्यांना एवढीच विनंती. तुमच्या गावात शाळा मिळवण्याचा किंवा गाडीचा विषय निघाला, तर फुकट आहे का हे शेवटी विचारा. आधी विचारा, गाडी वाडीत येणार की फाट्यावर? सांच्याला किती वाजता? पावसात ओढा आला तर काय? सोबत मोठं माणूस कोण? वर्गात मराठीची किती मुलं आहेत आणि मिळवल्यावर त्यांचा शिक्षक राहणार का? आणि ही सोय किती वर्षांची, ते लेखी द्या म्हणा. बैठकीला आईला, आज्जीला न्या. वाट त्यांना ठाऊक असते.

आक्का आता सत्तरीला आली. परवा फोनवर हे लिहितोय म्हणून सांगितलं, तर म्हणाली, "मला आता काय करायचंय त्याचं." मग थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "त्या ओढ्यावर पूल झाला म्हणे, खरं का रे?"

झालाय, आक्का.

तुमच्या घरात कोण, कितवीत, किती अंतरावर थांबलं, ते विचारून इथं लिहा. गावाचं नाव आणि साल घातलं तर बरं. अंतर कोसात लिहिलं तरी चालेल.