आवाळू आणि केसाचं मूळ

मंडळी, आमच्या पिंपळवंडीकडे डोक्यावरच्या गाठीला सरळ ‘आवाळू’ म्हणतात. दुखत नाही ना, मग राहू द्या! बहुतेक आवाळू निरुपद्रवी असतात हे खरंच. पण क्वचित केसाच्या मुळातून कॅन्सरही उगवतो, आणि तो ओळखायला वैद्यकाला फार वेळ लागला.

१८८० साली फ्रान्समध्ये मालेर्ब आणि शनाँते यांनी चुना साठून कडक होणाऱ्या एका गाठीचं वर्णन केलं. ती तैलग्रंथीतून येते असा त्यांचा समज होता. १९६१ साली अमेरिकेत फोर्बिस आणि हेल्विग यांनी दाखवलं की तिचा उगम केसाच्या मुळातल्या पेशींत आहे. नाव पडलं पायलोमॅट्रिक्सोमा. तिचं घातक रूप वेगळं मांडलं गेलं ते १९८० साली. तब्बल शंभर वर्षं!

कारण साध्या आणि घातक, दोन्ही गाठींत केंद्रक पुसलं गेलेल्या ‘भूतपेशी’ दिसतात. फरक कळतो तो गाठ शेजारच्या भागात घुसलीय का, पेशी भराभर, वेड्यावाकड्या विभागतायत का, यावरून.

आपल्याकडे परळच्या टाटा हॉस्पिटलातले डॉ. वसंत खानोलकर आणि डॉ. सूर्याबाई यांनी धोतराच्या काचाने कमरेवर होणारा कॅन्सर १९४५ साली जगापुढे मांडला. धोतराचा वळ निदान डोळ्यांना दिसतो. केसाच्या मुळातलं मात्र सूक्ष्मदर्शकालाच दिसतं.

असो. घरच्यांना एकच सांगणं: आवाळू काढलंत तर फेकू देऊ नका, तपासणीला पाठवा.