माल गेला, पैसा यायचा आहे
(लघुउद्योगांच्या निर्यातवित्ताच्या अभ्यासाची प्रस्तावना)

चुडावा हे परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातले गाव, पूर्णा–नांदेड लोहमार्गावरचे एक स्थानक. शेजारचा वसमत–अर्धापूर पट्टा हळदीचा, आणि वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मालाचे नाव झाले की तो परदेशी विकण्याचा विचार आपोआप येतो. निर्यातवित्ताचा अभ्यास त्या विचारापाशीच सुरू होतो.

हळद काढायची, शिजवायची, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची. मग ती मोंढ्यात येते. समजा, इथल्या एका लघुउद्योजकाने १८ लाख रुपये घालून हळद घेतली, दळून-तपासून पॅक केली आणि दुबईच्या खरेदीदाराला २० लाखांना विकली. शेतकऱ्याचे पैसे लगेच चुकते करावे लागतात. तयारीला महिना, न्हावा शेवा आणि समुद्रप्रवासाला पंधरवडा, वर खरेदीदाराची ६० दिवसांची उधारी. १८ लाख साडेतीन महिने अडकले. बँकेचे व्याज वर्षाला १० टक्के धरले, तर ५२,५०० रुपये होते. खासगी सावकाराच्या दरमहा शेकडा दोनने १,२६,००० रुपये. दोन लाखांच्या नफ्यातला निम्म्याहून जास्त वाटा सावकाराकडेच जातो. माल तोच, गिऱ्हाईक तेच, फक्त पैसा कुठून आला एवढाच फरक.

नेहमीचा कर्जव्यवहार आधी तारण विचारतो. निर्यातकर्जाने आधी ऑर्डर पाहावी, अशी अपेक्षा आहे. रिझर्व्ह बँकेने १९६७ मध्ये निर्यातकर्जाची योजना आणली. तिच्यातले पॅकिंग क्रेडिट हे ऑर्डरवर किंवा खरेदीदाराच्या बँकेच्या पतपत्रावर मिळणारे, माल रवाना होण्याआधीचे कर्ज. ते निर्यातीच्या बिलातून फिटते. माल गेल्यावर त्याच बिलावर बँक आगाऊ रक्कम देते. खरेदीदार बुडाला किंवा त्याच्या देशाने परकीय चलन अडवले तर? या जोखमीसाठी १९५७ मध्ये मुंबईत एक सरकारी महामंडळ स्थापन झाले. आजची ईसीजीसी ती हीच. विमा घेतल्यास ती नुकसानीचा ठरलेला हिस्सा भरून देते. तारणच नसेल तर २००० साली सुरू झालेला सूक्ष्म व लघुउद्योगांसाठीचा पतहमी निधी बँकेला हमी देतो.

दारे इतकी असूनही छोटा माणूस बाहेर का राहतो? २० लाखांची फाईल तपासायला जवळपास दोन कोटींच्या फाइलीइतकेच श्रम पडतात. गावच्या शाखेत परकीय चलनाचे काम सहसा होत नाही, म्हणून फाईल मोठ्या शाखेकडे जाते. पहिल्याच ऑर्डरला मागचा इतिहास नसतो. त्यातच आयात-निर्यात कोड, मसाला मंडळाची नोंदणी, प्रयोगशाळेचा अहवाल यांपैकी एक कागद कमी पडला तरी काम थांबते.

यावर महाराष्ट्राने शोधलेला एक मार्ग म्हणजे एकत्र येणे. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या महाग्रेप्सने द्राक्षबागायतदारांच्या सहकारी संस्थांना एका छत्राखाली आणले. प्रतवारी, शीतकरण आणि विक्री यांचा खर्च एकट्या बागायतदाराला झेपत नव्हता, तो वाटला गेला. हळदीच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांना हाच धडा लागू पडतो. ऑर्डर मोठी आणि कागद नीट असले की बँकेच्या लेखी फाइलीचे वजन वाढते.

म्हणून या विषयाकडे केवळ योजनांची यादी म्हणून पाहू नये. खरा प्रश्न असा आहे: माल निघाल्यापासून पैसा येईपर्यंतची जोखीम आणि व्याज कोणी सोसायचे, आणि त्या बदल्यात कोणाला काय मिळायचे?

वाचकाला एकच विनंती आहे. पुढची प्रकरणे उघडण्याआधी एक खरी ऑर्डर समोर घ्या. शेतकऱ्याला पैसे कधी द्यायचे, माल कधी निघणार, बिल कधी वटणार, या तारखा एका कागदावर मांडा. किती कर्ज हवे, किती दिवसांसाठी आणि विमा लागेल की नाही, हे त्या कागदावरून ठरते. बँकेत जाताना तो कागद सोबत न्या.