पोपटी कुठे लावायची? पनवेलचा हिवाळी बेत आणि व्हीलचेअरवरचे पाहुणे

पोपटी हा रायगड जिल्ह्याचा हिवाळी बेत. वालाच्या शेंगा भरल्या की पनवेल, पेण, अलिबाग भागात पोपट्या लागतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी. तोंडही पाल्यानेच बंद करून मडके उपडे ठेवतात आणि भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंबही घालत नाहीत. पाल्याचा वास शेंगांत उतरतो, खरी गंमत तीच.

मात्र पोपटी लागते शेतात, बांधापलीकडे. व्हीलचेअर वापरणारा पाहुणा असेल तर मडके घराच्या अंगणात लावावे. चवीत काही उणे होत नाही.

हॉटेलांसाठी हा मर्जीचा प्रश्न नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार लोकांची ये-जा असलेली खासगी इमारतही ‘सार्वजनिक इमारत’ ठरते आणि ती सुगम हवी. रॅम्पचा उतार १:१२ धरतात, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या एका पायरीला १८० सेंटिमीटर लांबी. आखूड फळी टाकून भागत नाही. म्हणून फोनवर ‘रॅम्प आहे का’ एवढ्यावर थांबू नये. पायऱ्या किती, दार किती रुंद आणि स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, हेही विचारावे.