पाव: शब्द, वजन आणि पदेराचा हिशेब

पाव या शब्दाची व्युत्पत्ती विचारली की आपल्याकडे तीन उत्तरं हमखास मिळतात. एक, पायांनी मळतात म्हणून पाव. दुसरं, पाव म्हणजे चौथा हिस्सा, आणि चार पाव एकमेकांना चिकटून येतात म्हणून. तिसरं, पोर्तुगीज शब्दावरून. तिसरं बरोबर आहे. पोर्तुगीज भाषेत रोटीला जो शब्द आहे त्याचा शेवट नाकात होतो, आपल्या कानाला तो 'पांव' असा ऐकू येतो. पाव भाजणारा तो पदेर, हा शब्द 'पादेइरु'वरून आला, आणि त्याची भट्टी म्हणजे फोर्न हा 'फोर्नु'वरून. माल, माणूस आणि भट्टी, तिघांची नावं एकाच गलबतातून उतरली. पायांची गोष्ट बाटण्याच्या भीतीतून रचलेली दिसते, तिच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या उत्तरात मात्र एक गंमत आहे. पावशेर, पाव किलो म्हणताना आपण मापच बोलत असतो. शब्द वेगळे, उगम वेगळे, पण पावाचा इतिहास शोधायला गेलं की हाताला शेवटी वजनमापंच लागतात. या टिपणात तेवढाच धागा धरला आहे.

१५१० साली आफोन्सु द आल्बुकेर्कने गोवा घेतला तेव्हा इथलं अन्न म्हणजे भात. गहू गोव्यात पिकत नाही, तो गुजरातकडून समुद्रमार्गे यायचा. म्हणजे पाव ही पहिल्या दिवसापासून आयात धान्याची आणि म्हणून मोजून विकण्याची वस्तू. मिशनऱ्यांनी प्रार्थनेसाठी पाव आणला असं सर्रास लिहिलं जातं. त्यात थोडी गल्लत आहे. लॅटिन परंपरेच्या मिस्सेला लागते ती बिनआंबवलेली पातळ ओस्ती. तिला ना खमीर लागतं ना मोठी भट्टी. फुगलेला पाव जेवणाच्या मेजासाठी होता: सैनिक, खलाशी, अधिकारी, पाद्री यांच्या रोजच्या पोटासाठी. साष्टीत माजोर्डे गावाकडे या धंद्याची सुरुवात झाली आणि जेझुइटांनी तिथल्या चारड्यांना भाजायला शिकवलं, असं गोव्यातली परंपरा सांगते.

गोवा शहराची नगरसभा लिस्बनच्या नमुन्यावर उभी राहिली. पोर्तुगीज शहरांत बाजारातली वजनमापं आणि खाण्याच्या वस्तूंचे भाव तपासायला एक अधिकारी असे, त्याला अल्मोतासे म्हणत. हा शब्द मुळात अरबी, अल-मुहतसिब. मुसलमानी राज्यांत बाजारावर नजर ठेवणारा मोहतसीब तो हाच. आदिलशाही जाऊन पोर्तुगीज आले, पण तराजू तपासणाऱ्याचं नाव एकाच मुळातलं राहिलं. इतिहासात असे योगायोग फार नसतात.

मापं अशी: वजनासाठी आर्रातेल, म्हणजे सुमारे ४५९ ग्रॅम. त्याचे १६ ओन्सा, एकेक साधारण २८.७ ग्रॅमचा. ३२ आर्रातेलांची एक आरोबा, १४.७ किलोच्या आसपास. आणि गावात धान्य मोजलं जायचं ते पायली, कुडव, खंडी अशा मापांनी, म्हणजे वजनाने नव्हे, आकारमानाने. शेराचंही एकमत नव्हतं. ८० तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा, तर मुंबईचा जुना शेर, २८ पौंडांच्या मणाचा चाळिसावा भाग, जेमतेम ३१८ ग्रॅमचा. गोव्यातून मुंबईला जाऊन भट्टी घालणाऱ्या पदेराला तिथला शेर ऐकून आपलं पीठ नव्याने मोजावं लागलं असणार. पोर्तुगालने १३ डिसेंबर १८५२ च्या फर्मानाने दशमान पद्धत स्वीकारली. भारतात तसा कायदा १९५६ साली झाला.

आता पदेराच्या हिशेबाकडे. भट्टीवाले आज जो हिशेब करतात तो शाळेतल्या शेकडेवारीपेक्षा जरा वेगळा असतो. पीठ नेहमी १०० धरायचं आणि बाकी सगळं पिठाच्या प्रमाणात बोलायचं. पाणी ६०, मीठ २, खमीर १. बेरीज १६३ होते, आणि ती १०० व्हायलाच हवी असा आग्रह कोणी धरत नाही. फायदा असा की एक किलो पीठ असो की एक पोतं, आकडे बदलत नाहीत. ५० किलोच्या पोत्याला ३० लिटर पाणी, १ किलो मीठ, अर्धा किलो खमीर. कणीक झाली ८१.५ किलो. एकेक गोळा ६० ग्रॅमचा तोडला तर १३५८ पाव निघतात. ५८ ग्रॅमचा तोडला तर १४०५. दोन ग्रॅम, म्हणजे बोटाला चिकटलेली कणीक, आणि एका पोत्यामागे ४७ पावांचा फरक! गोळे तोडणाऱ्याचा हात हा भट्टीतला खरा तराजू होता असं म्हणतात ते उगीच नाही.

शिवाय भाजताना पाणी उडतं. १२ टक्के घट धरली तर ६० ग्रॅमचा गोळा ५३ ग्रॅमच्या आत येतो, आणि निवताना आणखी थोडा उतरतो. म्हणून तपासनीस पाव केव्हा तोलतो, भट्टीतून काढल्या काढल्या की दुपारी, यावर पदेर चोर ठरायचा की साव.

हे भांडण फक्त गोव्याचं नाही. इंग्लंडमध्ये १२६६ च्या सुमाराच्या कायद्यात पावाची किंमत कायम ठेवून वजन बदलायची रीत घालून दिली होती: गहू महागला की त्याच नाण्याला लहान पाव. वजन कमी भरलं तर दंड, म्हणून तिथले भट्टीवाले डझनाला तेरा देत, असं सांगतात. आपल्याकडेही पाव लहान झाला की गिऱ्हाईक म्हणतं, 'पदेर लुबाडता'. पण नाणं तेच आणि पीठ, लाकूड, मजुरी महाग, तर कमी व्हायला उरतं ते वजनच. पावाची किंमत वाढली की गोव्यात वर्तमानपत्रात बातमी येते; वजन घटलं तर येत नाही. माझ्या मते जुना कायदा याबाबतीत जास्त प्रामाणिक होता. त्याने वजन घटणार हे उघड मान्य करून कोष्टकच छापलं होतं.

सगळ्यात अवघड हिशेब सुरेचा. यीस्ट गोव्यात रुळण्याआधी पाव फुगायचा तो माडाच्या सुरेवर. रेंदेर सकाळी माडावरून उतरवायचा तेव्हा सूर गोड, दुपारपर्यंत चढलेली, संध्याकाळी आंबट. याचा अर्थ, तीच एक बाटली सूर सकाळी वेगळं माप आणि संध्याकाळी वेगळं. त्यात ती पाणीही आहे आणि खमीरही, म्हणजे एक वाढवली की दुसरं आपोआप वाढतं. अशा वस्तूचं प्रमाण वजनात बांधताच येत नाही. तिथे माप असतं ते वेळेचं आणि जिभेचं. विकतचं यीस्ट आलं तेव्हा पदेराला जी सोय झाली ती मुख्यतः ही, की खमिराला पहिल्यांदाच ठरलेलं वजन मिळालं. चव गेली म्हणणारे खोटं बोलत नाहीत. पण रेंदेर कमी झाले, सूर महागली, आणि रोज पहाटे ठरलेल्या वेळी पाव दारात हवाच, या तिन्ही गोष्टी एकत्र धरल्या तर पदेराला दोष देता येत नाही.

उष्म्याचाही हिशेब आहे. कणीक २६ अंशांवर हवी असेल तर भट्टीवाले तिप्पट करतात, ७८. त्यातून खोलीचं तापमान ३१ वजा, पिठाचं ३० वजा, मळण्याच्या घर्षणाचे २ वजा. उरले १५. म्हणजे पाणी १५ अंशांचं हवं. मे महिन्यात गोव्यातल्या कुठल्याच विहिरीला असं पाणी नाही. मग करायचं काय? खमीर कमी घालायचं आणि मळायचं रात्री. पदेर रात्री का जागतो याचं अर्धं उत्तर सकाळच्या गिऱ्हाइकात आहे, आणि अर्धं या वजाबाकीत. पोळी, म्हणजे कोंड्याची पोय, हिला पाणी जास्त लागतं, कारण कोंडा पाणी पितो. उंडो, कात्रो, कांकण यांच्या कणकेतही घट्ट-सैल फरक असतो. हे सगळं आकड्यांत मांडता येतं. पण भट्टीवर ते 'हाताक कळटा' एवढ्याच शब्दांत शिकवलं गेलं.

मराठीत यावर जुनं लिखाण का मिळत नाही हेही बघायला हवं. देवळांचे आणि खोतीचे जमाखर्च आपण पै-पैने लिहून ठेवले. पाव मात्र सोवळ्याबाहेरचा. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या गोष्टी कोकणात घरोघरी ऐकल्या जात. मुंबईत १८४९ साली दादोबा पांडुरंग आणि मंडळींनी परमहंस सभा काढली, तिच्या गुप्त दीक्षेत ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. ज्या वस्तूचा एक तुकडा खाल्ल्याने जात जायची, तिची कृती कोण लिहिणार? पुढे १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं आणि वाटी-चमच्याचं प्रमाण घराघरांत गेलं. आमटी-भाजीला ते पुरेसं आहे. मैद्याला पुरत नाही. तीच वाटी अलगद भरली आणि दाबून भरली तर वजनात चौथाईचा फरक सहज पडतो, आणि पावात चौथाई म्हणजे एकदा दगड, एकदा पेज.

आज अनेक फोर्नांवर काम करणारी मुलं बेळगाव-कारवार भागातून आलेली आहेत आणि मालक वयस्क. जुनी मापं भंगारात जातात. सभासदांपैकी कोणाच्या घरी आर्रातेल किंवा ओन्साची वजनं, पायली-कुडव, किंवा पदेराची उधारीची वही असेल, फाटकी का असेना, तर पुढच्या बैठकीला घेऊन यावी. वजनं इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलून त्यांची नोंद करू, आणि वहीची पानं तिथेच उतरवून घेऊन वही त्याच दिवशी परत देऊ.