काचीगुड्याचा संपादक

हैदराबादला जाणारी आपली माणसे चारमिनार बघतात, मोत्यांची माळ घेतात, बिर्याणी जेवतात आणि गाडीत बसतात. मीही तेच केले. काचीगुडा स्थानकाजवळ दोन दिवस मुक्काम होता, पण शोएबुल्ला खान हे नाव माझ्या कानावर आले नाही. ते परतल्यावर, मुक्तिसंग्रामाविषयी वाचताना भेटले. चुटपुट लागून राहिली.

निजामाच्या राज्यात १९२९ साली 'गश्ती निशाण ५३' नावाचे एक फर्मान निघाले. गश्ती म्हणजे आपल्या भाषेत परिपत्रक. परवानगीशिवाय सभा घ्यायची नाही, असा त्याचा मतलब. आम्हा कारकुनांना परिपत्रकाची ताकद ठाऊक असते. त्याच्यासाठी विधिमंडळ लागत नाही, एक सही पुरते. वर्तमानपत्रांचे जगणेही असेच सरकारी मर्जीवर होते. आ. कृ. वाघमारे यांच्या 'मराठवाडा' पत्रावर बंदी आली की ते नवे नाव देऊन अंक काढीत. आपल्याकडे सालाझारच्या काळात लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरला दाखवावी लागे, त्यामुळे गोवेकराला हे वेगळे समजावून सांगायला नको.

शोएबुल्ला उस्मानिया विद्यापीठाचा पदवीधर. सरकारी नोकरी सहज मिळाली असती. (ती मला मिळाली, म्हणून हे वाक्य जरा टोचते.) तो मंदुमुल नरसिंगराव यांच्या 'रय्यत' या उर्दू पत्रात गेला. 'रय्यत' सरकारने बंद पाडले. मग नोव्हेंबर १९४७ मध्ये त्याने स्वतःचे 'इमरोज' हे उर्दू दैनिक काढले. बुर्गुल रामकृष्णराव यांची मदत होती. इमरोज म्हणजे 'आज'.

हैदराबादने भारतात सामील व्हावे, ही त्याची भूमिका. मुसलमान संपादक, उर्दू पत्र, आणि वाचकही बरेचसे तेच ज्यांना कासीम रझवीचे रझाकार आपले मानीत. खरी अडचण इथे होती. हिंदू पुढाऱ्याने लिहिले तर 'शत्रूचे बोलणे' म्हणून उडवून लावता येत होते. याचे तसे होईना. ऑगस्ट १९४८ मध्ये सात मुसलमान प्रतिष्ठितांनी विलीनीकरणाच्या बाजूने पत्रक काढले आणि 'इमरोज'ने ते छापले. त्यानंतर रझवीने जाहीर सभेत अशा लोकांचे हात तोडण्याची भाषा केली.

ती भाषा नुसती भाषा राहिली नाही. २१ ऑगस्टच्या रात्री काम आटोपून शोएबुल्ला मेहुणा इस्माईल खानसह घरी चालला होता. वाटेत गाठून त्याच्यावर गोळ्या झाडल्या, हात तोडला. इस्माईलवरही वार झाले. २२ ला पहाटे शोएबुल्ला गेला. वय सत्तावीस. बरोबर बावीस दिवसांनी, १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ ला निजामाने शरणागती पत्करली. बावीस दिवस!

अलीकडे पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियाविषयी वाचताना हे सारे पुन्हा आठवले. तिथे 'द पॉइंट' पत्राचे संपादक डेडा हैदारा (नावाची गंमत पाहा) यांना १६ डिसेंबर २००४ च्या रात्री कचेरीतून घरी जाताना गाडीतच गोळ्या घालून मारले. पत्रकारांना जाचक ठरणाऱ्या कायद्याविरुद्ध ते लढत होते आणि तो कायदा दोनच दिवस आधी मंजूर झाला होता. संपादकाची घरी जायची वेळ आणि वाट नेहमीची असते, हे मारेकऱ्यांना दोन्हीकडे माहीत होते. राष्ट्राध्यक्ष जामेह २०१७ साली देश सोडून गेले. खुनात सामील असलेल्या पथकाच्या एका चालकाला २०२३ मध्ये जर्मनीतल्या न्यायालयाने जन्मठेप दिली. एकोणीस वर्षे लागली, आणि तीही परक्या देशात.

रझवीने कैद भोगली. १९५७ साली तो सुटला आणि पाकिस्तानात गेला.